उणीव ओळखण्याचा इतिहास : बायोटिन, गायीचे खूर आणि तिरुनागेश्वरम्

प्रस्तावना

या पाठाची सुरुवात एका मंदिरापासून करू. तमिळनाडूत कुंभकोणमपासून पाच-सहा किलोमीटरवर तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. तेथील नागनाथस्वामींच्या मंदिरात राहूला दुधाचा अभिषेक होतो आणि अभिषेकाचे दूध निळसर दिसते अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्याच गावात ओप्पिलियप्पन हे विष्णूचे मंदिर आहे. १०८ दिव्यदेशांपैकी ते एक. या देवाचा नैवेद्य अळणी असतो. मार्कंडेय ऋषींची कन्या लहान, तिला स्वयंपाकात मीठ किती घालावे तेही कळत नाही, असे ऋषींनी सांगितले. तेव्हा देवाने ‘मी मिठाविना जेवीन’ असे म्हणून तिचा स्वीकार केला, अशी कथा आहे.

अळणी प्रसाद तोंडात घातला की पहिल्याच घासाला कळते, यात काहीतरी नाही. पण अन्नात एखादा पदार्थ नसेल आणि त्याला चवही नसेल, रंगही नसेल, तर तो नाही हे कळायचे कसे? जीवनसत्त्वांचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. या पाठात आपण बायोटिन या जीवनसत्त्वाचा शोध कसा लागला, गायीच्या आहारात त्याला जागा मिळायला इतका उशीर का झाला आणि आज त्याचा खरा उपयोग कोठे आहे, हे पाहणार आहोत.

आधीच सांगतो, मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो; पशुवैद्य नाही. या विषयाकडे वळलो तो एका लंगडणाऱ्या गायीमुळे. कुंभकोणमला एका कार्यशाळेसाठी गेलो असताना तिरुनागेश्वरमच्या एका मराठी घरी जाणे झाले. तंजावरला १६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी मराठी राज्य स्थापले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. त्या काळात आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही या भागात आहेत. त्या घरच्या आजींकडे दोन संकरित जर्सी गायी होत्या. ईशान्य मोसमी पाऊस सुरू होता, गोठ्यात चिखल होता आणि एक गाय मागचा पाय टेकवत नव्हती. कोणीतरी आजींना बायोटिनच्या भुकटीचा महागडा डबा विकला होता. ‘आठ दिवस झाले, अजून फरक नाही,’ असे म्हणून त्यांनी तो डबा माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, ‘तू शिकलेला आहेस, हे खरे की फसवणूक?’ मला उत्तर देता आले नाही. पुढचे वाचन त्या प्रश्नासाठी झाले.

१. यीस्ट, अंडे आणि न दिसणारा पदार्थ

बायोटिनची कथा गोठ्यात सुरू होत नाही. ती यीस्टपासून सुरू होते. १९०१ मध्ये बेल्जियममधील लूवाँ येथे विल्डियर्स या संशोधकाला असे आढळले की, साखर आणि क्षार यांच्या शुद्ध द्रावणात थोडेसेच यीस्ट टाकले तर ते वाढत नाही. त्यात यीस्टचाच अर्क घातला की ते जोमाने वाढते. म्हणजे अर्कात काहीतरी आवश्यक होते. त्याने त्याला ‘बायॉस’ म्हटले, म्हणजे जीवन. पुढे हे बायॉस म्हणजे एक पदार्थ नसून अनेक पदार्थांचे मिश्रण आहे, असे निघाले. त्यांतला एक बायोटिन.

दुसरा धागा अंड्याचा. १९१६ मध्ये बेटमन यांनी नोंदवले की, कच्च्या अंड्याचा पांढरा बलक मोठ्या प्रमाणात दिलेले प्राणी आजारी पडतात. १९२७ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस यांनी उंदरांवर याचा पद्धतशीर अभ्यास केला. केस गळणे, कातडी सोलणे, चालण्यात बिघाड अशी लक्षणे दिसली. आणि यीस्ट किंवा यकृत खाऊ घातल्यावर ती गेली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आहारात विष आहे की आहारात उणीव आहे, हे त्या वेळी स्पष्ट नव्हते. दोन्हींची लक्षणे सारखीच दिसत होती.

पॉल ग्यॉर्गी यांनी या रक्षक पदार्थाला ‘जीवनसत्त्व एच’ असे नाव दिले. जर्मन भाषेत कातडीला ‘हाउट’ म्हणतात, त्याचे ते आद्याक्षर. इकडे १९३६ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे कोगल आणि टॉनिस यांनी अंड्यांच्या २५० किलो वाळवलेल्या पिवळ्या बलकापासून अवघे १.१ मिलिग्रॅम स्फटिक मिळवले आणि त्याला ‘बायोटिन’ म्हटले. गणित करून पाहा : सुमारे २३ कोटी भागांतून एक भाग.

यीस्टचे बायोटिन, उंदरांचे जीवनसत्त्व एच आणि मुळांवरील जिवाणूंना लागणारा ‘सहविकर आर’ नावाचा पदार्थ हे तिन्ही एकच आहेत, हे १९४० मध्ये ग्यॉर्गी, द्यू विन्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. तीन वेगवेगळ्या वाटांनी लोक एकाच दारात पोहोचले होते. त्याच सुमारास अंड्याचे कोडेही सुटले. कच्च्या पांढऱ्या बलकात ॲव्हिडिन नावाचे प्रथिन असते. ते बायोटिनला इतके घट्ट धरते की आतड्यात ते शोषले जात नाही. अंडे शिजवले की ॲव्हिडिन निकामी होते. म्हणजे आहारात बायोटिन होते, पण प्राण्याला मिळत नव्हते. ‘आहारात असणे’ आणि ‘अंगी लागणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला हा फरक पुढे पुन्हा लागणार आहे.

१९४२ मध्ये द्यू विन्यो यांनी बायोटिनची रचना सांगितली. १९४३ मध्ये मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याचे संश्लेषण झाले आणि १९४९ मध्ये हॉफमन-ला रोश कंपनीतील गोल्डबर्ग व स्टर्नबाख यांनी कारखान्यात वापरता येईल अशी पद्धत दिली. बायोटिन स्वस्त होण्याचा पाया तेथे घातला गेला. याच द्यू विन्यो यांनी पुढे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक कृत्रिमरीत्या तयार केले आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवले. गायीला पान्हा सोडायला लावणारे संप्रेरक ते हेच. आपल्याकडे गोठ्यांत त्याच्या इंजेक्शनांचा किती गैरवापर झाला हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. पदार्थ शोधणारा एक असतो आणि तो कसा वापरायचा हे ठरवणारे दुसरेच.

२. गायीला वगळले का गेले?

उंदीर, कोंबडी, डुक्कर यांच्या आहारात ब-गटातील जीवनसत्त्वांचा विचार लवकर सुरू झाला. गायीचा झाला नाही, आणि त्याला सबळ कारण होते. १९२८ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथे बेखडेल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ब जीवनसत्त्व जवळजवळ नसलेला चारा देऊनही गायीच्या पोटात ते तयार होते. गायीच्या चार कप्प्यांच्या पोटातील सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि आंबवता आंबवता ब-गटातील जीवनसत्त्वेही बनवतात. गाय चालता-फिरता आंबवण्याचा कारखाना आहे. यावरून पाठ्यपुस्तकांत एक वाक्य पक्के बसले : रवंथ करणाऱ्या जनावराला ब जीवनसत्त्वे बाहेरून द्यावी लागत नाहीत.

या वाक्याला एक अपवाद लवकरच सापडला. १९४६ मध्ये इलिनॉय विद्यापीठात वीझी, जॉन्सन आणि नेव्हन्स यांनी लहान वासरांना बायोटिन नसलेले कृत्रिम दूध पाजले. त्यांच्या मागच्या पायांतली ताकद गेली. बायोटिन दिल्यावर ती परत आली. वासराचे कोटीपोट अजून तयार झालेले नसते, म्हणून ते बाहेरच्या पुरवठ्यावर अवलंबून असते. यातून नियमाची अट उघड झाली : ‘कोटीपोट नीट चालत असेल तर.’ पण ही अट वाक्यातून गळाली आणि वाक्य तेवढे राहिले. तुमच्या विषयांतही अशी सूत्रे असतात. सूत्र पाठ होते, ते कोणत्या अटीत लागू पडते हे विसरले जाते.

दरम्यान बायोटिन शरीरात नेमके काय करते हे स्पष्ट झाले. १९५८-५९ च्या सुमारास वाकील यांनी आणि फिओडोर लिनेन यांनी दाखवले की, बायोटिन काही विकरांना चिकटून कार्बन डायऑक्साइडचा अंश एका रेणूवरून दुसऱ्यावर नेण्याचे काम करते. गायीसाठी यातली दोन कामे फार मोलाची आहेत. पहिले, कोटीपोटात चाऱ्यापासून प्रोपियोनिक आम्ल तयार होते आणि यकृत त्यापासून ग्लुकोज बनवते. या वाटेवर बायोटिन लागते. दुधातली साखर याच ग्लुकोजपासून होते. दुसरे, मेदाम्ले बनवण्याची पहिली पायरी बायोटिनशिवाय होत नाही. खुराच्या शिंगासारख्या कठीण भागातील पेशींना एकमेकींशी जोडणारा जो थर असतो, त्यात मेद असतो. विटा केराटिन या प्रथिनाच्या आणि दर्जा (विटांमधला चुना) मेदयुक्त, असे समजा. दर्जा कच्चा असेल तर विटा चांगल्या असूनही भिंत पाणी धरते आणि फुटते.

३. लक्ष खुराकडे कसे गेले?

खुराचा प्रश्न आधी डुकरांत आणि घोड्यांत पुढे आला. सिमेंटच्या जमिनीवर ठेवलेल्या डुकरांची खुरे फुटत, आणि बायोटिनने फरक पडतो असे १९७० च्या दशकात दिसले. १९९५ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसिद्ध लिपिझ्झान घोड्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना रोज २० मिलिग्रॅम बायोटिन दिले होते, आणि सुधारणा दिसायला नऊ महिने लागले.

गायींबाबत याच काळात एक मोठा बदल झाला होता. जास्त दूध देणाऱ्या गायींना जास्त धान्य आणि पेंड दिली जाऊ लागली. धान्य लवकर आंबते, कोटीपोटात आम्लता वाढते, तंतुमय चाऱ्यावर जगणारे सूक्ष्मजीव कमी होतात. प्रयोगशाळेत असे दिसले की खुराकाचे प्रमाण वाढवले की सूक्ष्मजीवांकडून बनणारे बायोटिन घटते. मघाची गळालेली अट येथे परत आली. कोटीपोटाचा कारखाना चालू होता, पण त्याचा कच्चा माल बदलला होता.

दोन क्षेत्रीय अभ्यास विशेष लक्षात ठेवा. पहिला २००० मध्ये प्रसिद्ध झालेला, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलँडमधील. तेथे पावसाळ्यात गायी चिखलातून चालतात आणि लंगडतात. वीस गोठ्यांच्या या अभ्यासात बायोटिन मिळालेल्या कळपांत पावसाळ्यातील लंगडणे कमी आढळले. दुसरा २००१ मधला इंग्लंडमधील. त्यात रोज २० मिलिग्रॅम बायोटिनने ‘पांढऱ्या रेषेच्या’ दुखण्यामुळे येणारे लंगडेपण सुमारे निम्म्यावर आले. पांढरी रेषा म्हणजे खुराची भिंत आणि तळवा जेथे जुळतात ती मऊ जोडरेषा. खडा, घाण, पाणी तेथूनच आत शिरते. खुराच्या इतर दुखण्यांवर मात्र तसा स्पष्ट परिणाम दिसला नाही. दुधाबाबत वेगवेगळ्या प्रयोगांचे निष्कर्ष जुळत नाहीत. अनेक प्रयोग एकत्र करून काढलेली सरासरी वाढ दिवसाला एक ते दोन किलोंच्या दरम्यान येते, आणि तीही भरपूर दूध देणाऱ्या विदेशी गायींत.

४. भारतातील धागा

भारतात जनावरांच्या आरोग्याचे आधुनिक संशोधन कोठे सुरू झाले? उत्तर ऐकून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना गंमत वाटेल. १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पूर्वरूपात, इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली. १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वरला हलवण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. तिच्यापुढचा पहिला शत्रू बुळकांडी होता. ज्या रोगात गावचे गाव गुरांविना होत असे, त्यापुढे खुरातील भेगांकडे कोण पाहणार? २०११ मध्ये बुळकांडी जगातून गेल्याचे जाहीर झाले. आधी मरण थांबवणे, मग पोट भरणे, मग आहारातील सूक्ष्म उणीव शोधणे, असा हा क्रम आहे. प्राण्यांच्या पोषणासाठी बंगळुरूला स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापन झाली ती १९९५ मध्ये.

आता कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाकडे या. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात हत्ती आणि घोडे यांच्या शास्त्रांवरील हस्तलिखिते आहेत. सरफोजी राजे (दुसरे) यांनी हे ग्रंथालय वाढवले आणि वैद्यकातही मन घातले. पण नांगराच्या बैलाचे शास्त्र प्रामुख्याने शेतकऱ्याच्या हातात राहिले. त्या हातांनी घडवलेली जात म्हणजे उंबळाचेरी. या जातीची वासरे जन्मतः तांबूस असतात आणि काही महिन्यांत करडी होतात. बैलांची शिंगे काढून टाकण्याची इथली जुनी रीत आहे. दूध अगदी थोडे. पण गुडघाभर चिखलाच्या भातखाचरात दिवसभर काम करण्यासाठीच ही जात निवडली गेली. चिखलात टिकणारा पाय हे तिच्या निवडीचे एक मोजमाप होते, असे म्हणायला हरकत नाही. ती भाताचा पेंढा, बांधावरचे गवत आणि तांदळाचा कोंडा यांवर जगे.

१९७० मध्ये दुग्धक्रांतीची योजना सुरू झाली. संकरित गायी गावोगावी आल्या. महाराष्ट्रात उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उभारलेल्या बाएफ संस्थेने हे काम दारोदारी नेले, तमिळनाडूत जर्सी संकर पसरला. ट्रॅक्टर आल्यावर उंबळाचेरी बैलाची गरज घटली. दूध वाढले, लहान शेतकऱ्याच्या हातात रोजचा पैसा आला. हा लाभ खरा आहे, तो नाकारू नका. पण त्याच चिखलात आता दुधासाठी निवडलेली, वजनाने भारी, खुराकावर पोसलेली गाय उभी राहिली. गाय बदलली, चारा बदलला, जमीन मात्र तीच राहिली. बायोटिनचा प्रश्न आपल्याकडे येतो तो या वाटेने.

५. वीस मिलिग्रॅमचे गणित

आता वही घ्या. गायीला रोज २० मिलिग्रॅम बायोटिन द्यायचे आणि ती रोज ५ किलो गोळी पेंड खाते, असे धरू. म्हणजे किलोला ४ मिलिग्रॅम. एक टन पेंडीत फक्त ४ ग्रॅम. चार ग्रॅम भुकटी एक टनात सारखी मिसळणे हा पशुवैद्यकाचा प्रश्न नाही, तो मिश्रण-अभियांत्रिकीचा आहे. म्हणून बायोटिन आधी वाहक भुकटीत २ टक्के प्रमाणात मिसळतात. मग टनामागे २०० ग्रॅम मिश्रण घालावे लागते आणि ते सारखे पसरण्याची शक्यता वाढते. हाताने फावड्याने ढवळलेल्या पेंडीत एका गायीला दुप्पट आणि दुसरीला काहीच नाही, असे सहज होते. कोगलच्या काळात एका गायीच्या एका दिवसाच्या मात्रेसाठी साडेचार टन बलक लागला असता, हेही काढून पाहा.

दुसरे गणित काळाचे. खूर महिन्याला साधारण ५ मिलिमीटर वाढते. पुढची भिंत सुमारे ७५ मिलिमीटर लांब धरली, तर वरच्या कडेला आज तयार झालेले शिंग जमिनीपर्यंत यायला १५ महिने लागतात. तळवा पातळ असतो, तो दोन-तीन महिन्यांत नवा होतो. बायोटिन जुने खूर दुरुस्त करत नाही. ते नवे खूर चांगले घडवायला मदत करते. म्हणून प्रयोगांत फरक दिसायला चार-सहा महिने लागले. आठ दिवसांत गुण येईल असे जो सांगतो, त्याला खुराची वाढ ठाऊक नाही किंवा तो ती तुमच्यापासून लपवतो आहे.

६. पुन्हा तिरुनागेश्वरमला

सहा महिन्यांनी मी आजींकडे परत गेलो. मधल्या काळात त्यांनी पशुवैद्यांना बोलावले होते. त्यांनी आधी लाळ्या-खुरकूत नाही याची खात्री केली, मग खूर साळले. पांढऱ्या रेषेत शिरलेला खडा निघाला, पू वाहून गेला आणि गाय चार दिवसांत पाय टेकू लागली. गोठ्याला उतार काढून पाण्याला वाट दिली, उभे राहायच्या जागी कोरडा पेंढा पडू लागला, खुराकाचे दोन वाढे चार झाले आणि पेंढ्याआधी पेंड देणे थांबले. बायोटिनचे काय? डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते की दिवसाला सात-आठ लिटर देणाऱ्या आणि पोटभर पेंढा-गवत खाणाऱ्या गायीचे कोटीपोट आपले काम करते. डबा आहे तर संपवा, नवा घेऊ नका, त्या पैशांत खनिज मिश्रण आणा.

मग बायोटिन फसवणूक होती का? नाही. ते खरे आहे. पण कोणत्या गायीसाठी, किती दिवस, कशाच्या जोडीने, हे न सांगता विकणे ही फसवणूक होती. वीस-पंचवीस लिटर दूध देणारी, भरपूर खुराकावरची, ओल्या किंवा सिमेंटच्या जमिनीवर उभी गाय असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने बायोटिनचा विचार जरूर करावा. चिखलाला मात्र बायोटिन हे उत्तर नाही. मी आजींना एवढे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘हे त्या दिवशी सांगितले असतेस तर डबा परत केला असता.’ त्यांचे बरोबर होते.

तुमच्यापैकी कोणी उद्या पशुखाद्याच्या कारखान्यात मिश्रणयंत्र चालवेल, कोणी जीवनसत्त्वे विकेल, कोणी गोठ्यासाठी कर्ज मंजूर करेल. तुमच्यासमोरही कोणीतरी डबा ठेवून हाच प्रश्न विचारील. तेव्हा उणीव नेमकी कोठे आहे हे आधी शोधा : चाऱ्यात, कोटीपोटात, जमिनीत की माहितीत.

सारांश

• बायोटिनचा शोध यीस्ट, अंडे आणि जिवाणू अशा वेगवेगळ्या वाटांनी लागला. १९४० मध्ये ते एकच असल्याचे कळले.
• रवंथ करणाऱ्या जनावरांत कोटीपोटातील सूक्ष्मजीव बायोटिन बनवतात; वासरांत आणि जास्त खुराकावरील गायींत हा पुरवठा अपुरा पडू शकतो.
• रोज २० मिलिग्रॅम मात्रेने पांढऱ्या रेषेचे दुखणे कमी होते. परिणामाला काही महिने लागतात.
• कोरडी जमीन, खूर साळणे आणि तंतुमय चारा यांची जागा बायोटिन घेऊ शकत नाही.

स्वाध्याय

१. ‘आहारात असणे’ आणि ‘अंगी लागणे’ यांतील फरक ॲव्हिडिनच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. गाय रोज ८ किलो पेंड खात असेल, तर २० मिलिग्रॅम मात्रेसाठी एक टन पेंडीत २ टक्के बायोटिन मिश्रण किती ग्रॅम घालावे लागेल?
३. तुमच्या गावातील एका गोठ्याला भेट द्या. गायींची जात, खुराक, जमीन आणि लंगडणाऱ्या गायींची संख्या नोंदवा. तेथे बायोटिनची गरज आहे का, याविषयी दहा ओळींत कारणांसह मत लिहा.